लिंबाएवढी फट

वडील गेल्यानंतर आई सोनईजवळच्या आमच्या वस्तीवर एकटीच राहायला लागली. मी नगरला नोकरीला, बायको-मुलंही तिथेच. दर खेपेला मी तिला चल म्हणायचो आणि दर खेपेला ती एकच उत्तर द्यायची, "कोंबड्या हायत तवर मी कुटं येत न्हाई." कोंबड्या आठ होत्या, सगळ्या गावरान. आमच्या घरात त्यांच्या मताला माझ्यापेक्षा जास्त वजन होतं.

मग त्या कमी व्हायला लागल्या. एक कुत्र्याने नेली, दोघींची नुसती पिसं सापडली. आईने फोनवरून फर्मान काढलं, "दोन दिस ये आन काय बी आत शिरनार न्हाई असं खुराडं करून दे. इकत काय आनू नको. चाळीचं सामान पडलंय."

चाळ म्हणजे कांद्याची. आम्ही कांदा करणं सोडलं तेव्हापासून तिच्या बांबूच्या पट्ट्या, लोखंडी अँगल आणि पत्रे गोठ्यामागे पडून होते. सुतारकाम मला येत नाही. आयुष्यात हाताने उभी केलेली एकच गोष्ट म्हणजे वडिलांबरोबरची ती चाळ, त्यामुळे हातांनी पुन्हा तेच केलं. चार पायांवर उचललेलं खुराडं, तळाला पट्ट्या, बाजूंना पट्ट्या, मध्ये हवेसाठी फटी, वर पत्रा.

शेजारी ऊस उभा होता, म्हणजे विचार करायचा तो बिबट्याचा. आमच्याकडे हल्ली संडासाला जायचं तरी बिबट्याचा विचार होतो. मी दाराला अँगल लावले, दोन कड्या बसवल्या, पत्र्यावर दगड रचले. रस्त्याने जाणारा एक जण थांबून म्हणाला, "यात तुमीच झोपा, बिबट्या हात लावनार न्हाई." मला ते कौतुक वाटलं. फटी मात्र चाळीच्याच मापाच्या राहिल्या, कांदा खाली पडणार नाही एवढ्या. कोंबडी काही फटीतून पडत नाही, बघायचं असतं ते आत कोण येईल हे. ही साधी गोष्ट माझ्यासारख्या कांदेवाल्याच्या डोक्यात आली नाही.

पुढच्या आठवड्यात आईचा फोन आला. आवाज खुशीत होता. "तीन दिस झालं, सकाळी सकाळी मुंगसाचं दर्शन हुतंय. कायतरी चांगलं व्हनार बघ." मुंगूस दिसणं आमच्याकडे शुभ. लहानपणी त्याने वळून तोंड दाखवावं म्हणून आम्ही बांधावर ताटकळत उभे राहायचो. आईने तिन्ही दिवस त्याला हात जोडले होते. हाकललं एकदाही नाही. मीही म्हणालो, वा, छान.

बाजारच्या दिवशी ती कोंबड्या खुराड्यात कोंडून सोनईला गेली. दुपारी परत आली तर पाचही मरून पडल्या होत्या. खाल्ली होती एकच.

"पाची गेल्या," ती फोनवर म्हणाली. "मुंगूसच हुतं."

मी अरेरे म्हणालो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. लिहितानाही लाज वाटते. फोन ठेवायच्या आत मी मनातल्या मनात आमच्या फ्लॅटमध्ये तिची कॉट कुठे बसेल हे ठरवत होतो.

मी वस्तीवर पोचलो तेव्हा तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. शब्दाची पक्की बाई. घरात डालग्याखाली एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती, म्हणून ती वाचली होती. पण ती आमची नव्हती. पलीकडच्या वस्तीवरच्या भाभीने ती अर्धलीने दिलेली, म्हणजे कोंबडी तिची, दाणापाणी आमचं आणि पिल्लं निम्मी-निम्मी. ती परत घेऊन जा, असं सांगायला आम्ही दोघं भाभीकडे गेलो.

भाभी पीठ मळत होती. तिने हातसुद्धा थांबवला नाही. "मावशी, अंड्यावर बसलेली कोंबडी कुनी माघारी घेतंय व्हय? पिल्लं निगू द्या, वाटा करू. मंग जायचं तिकडं जा."

आईने माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला होता.

मग खुराडं पुन्हा काढलं. या वेळी बारीक भोकांची जाळी विकत आणली. तळाला, बाजूंना, सगळीकडे पट्ट्यांवरून ठोकली, बाजूंची जाळी पायांवरून जमिनीपर्यंत सोडून तिची कड वीतभर मातीत गाडली, वर दगड लावले. दाराच्या खांबामागे जाळी चार बोटं कमी पडली. मी तिचं टोक ओढून दुमडलं. बघणाऱ्याला बंद दिसेल असं, पण तारेने बांधलं नाही. पुढच्या खेपेला बघू, असं स्वतःला सांगितलं. आपण काय करतोय हे मला चांगलं कळत होतं.

मी हात धूत होतो तेव्हा आई घरातून एक लिंबू घेऊन आली.

"मुंगसाचं डोस्कं येवढं असतंय," ती म्हणाली. "हे जितनं आत जाईल, तितनं ते जाईल."

खुराड्याभोवती ती बसत, सरकत, प्रत्येक सांध्याला लिंबू दाबत गेली. घाई नव्हती. खांबामागे तिने लिंबू दाबलं, जाळी बाजूला झाली आणि लिंबू आत गडगडत गेलं.

"हे दिसलं न्हवतं तुला?"

जाळी कमी पडली म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"दिसलं होतं," मी म्हणालो.

ती उठून घरात गेली. मग पक्कड आणि तारेचा तुकडा आणून माझ्या हातात दिला. "आवळ. आन जाताना ती पिशवी आत ठिव."

मी तार आवळली आणि पिशवी आत ठेवली.

पिल्लं नऊ निघाली. चार-चार वाटली, नववं भाभीने आईलाच ठेवून घ्यायला लावलं. आता वस्तीवर गेलो की मी आईला चल म्हणत नाही. चहा व्हायच्या आत खुराड्याभोवती एक चक्कर मारतो, सांधे बघत. लिंबू घरूनच घेऊन जातो.