लेकीचं डिपॉझिट आणि कापडाचं बिल

मित्रहो, आज क्रेडिट कार्ड घेऊन ऐटीत भिवंडीतल्या बँकेत गेलो. जर्मनीत शिकणाऱ्या लेकीच्या खोलीचं डिपॉझिट आज भरलं नाही, तर खोली हातची जाणार होती.

काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "काका, हे पैसे खात्यातून पाठवावे लागतात, कार्डावरून नाही."

बाहेर ओळखीचा कापडवाला भेटला, त्याला अडचण सांगितली. "शेठ, टेन्शन कशाला? कार्ड माझ्या मशीनवर घासा. कापडाचं बिल फाडतो, रोकड घ्या. ती जर्मनीत पोचवणारा माणूस पण आपलाच हाय."

म्हटलं, "म्हणजे बापानं पोरीला जेलमधून व्हिडिओ कॉल करायचा?"

परत आत जाऊन मुदत ठेव मोडली आणि खात्यातून पैसे पाठवले. पावतीचा फोटो बघून घरमालकिणीनं चावी दिली.

भिवंडीकरांनो, खरं सांगा, तुमच्या नावावर कधीच न विणलेलं कापड किती मीटर आहे?