एका कानाची केबल

दातार सरांनी डाव्या कानातला इअरफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मी आलो. पण ती गेली."

मी बनवलेली केबल त्यांच्या खिशातल्या म्युझिक प्लेअरला लावलेली होती. नवी, मऊ, वेणीसारखी गुंफलेली. मीटरवर तपासून मगच हातात दिलेली. केबलमध्ये खोट नव्हती. तरी गाणारी बाई गाण्यातून निघून गेली होती.

आधी माझं काम सांगते. भोसरीच्या एका कारखान्यात मी गाड्यांच्या वायरिंगच्या टेस्टिंगला होते. रिटायर झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून इअरफोनच्या केबल बनवायला लागले. हल्ली चांगल्या इअरफोनची केबल काढता-घालता येते आणि हौशी लोकांना ती आपल्या मापाची, आपल्या पसंतीच्या तारेची हवी असते. माझी गिऱ्हाइकं बहुतेक हिंजवडीची. कंपनीच्या बसमध्ये ट्रॅफिकला कंटाळून कानात गाणं घालून बसणारी. केबल बदलल्यावर आवाज मोकळा झाला, असं ती सांगतात. मी हो म्हणते.

दातार सरांची मुलगी मुक्ता ही त्यांतलीच एक. तिनेच वडिलांना माझ्याकडे आणलं. सर गणिताचे शिक्षक, आणि हार्मोनियम वाजवणारे. त्यांच्या पत्नी उषाताई गायच्या. मोठ्या मैफली नाहीत, लोकांच्या घरच्या बैठका. साथीला कायम सर. उषाताई गेल्या, आणि त्यानंतरच्या एका आजारपणात सरांचा उजवा कान पूर्ण गेला.

त्या बैठकांची रेकॉर्डिंग्ज मुक्ताने त्यांना एका छोट्या प्लेअरवर भरून दिली होती. रेकॉर्डिंग करताना दोन माइक ठेवलेले. एकाचा आवाज डाव्या कानात येतो, दुसऱ्याचा उजव्या. उषाताई मधोमध बसायच्या, त्यामुळे त्या दोन्हीकडे होत्या. हार्मोनियम मात्र उजव्या माइकच्या पुढ्यात. म्हणजे सरांच्या डाव्या कानात गाणं यायचं, पेटी यायची नाही. उषाताई एखादी जागा घेऊन थांबायच्या, पेटीने उत्तर द्यावं म्हणून. तिथे नुसती शांतता. मग त्या पुढे गायला लागायच्या.

"ती थांबते आणि मी गप्प असतो," सर पहिल्या भेटीत म्हणाले होते. यापेक्षा जास्त त्यांनी काही सांगितलं नाही. मला पुरेसं होतं.

दोन्ही बाजू एकत्र करून एका कानात आणायची सोय फोनमध्ये असते, हे मी त्यांना सांगितलं. फोनवर ऐकताना मध्येच कुणीतरी कर्ज घेता का विचारतं, म्हणून त्यांना फोन नको होता. त्यांच्या प्लेअरमध्ये ती सोय नव्हती. लॅपटॉपवर दोन्ही बाजू मिसळून वेगळी कॉपी करून देते, असं मुक्ता म्हणाली होती. त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं होतं.

"माझा कान बिघडलाय. रेकॉर्डिंग नाही."

म्हणजे जे करायचं ते केबलमध्येच. डावी-उजवी तार नुसती पिळून एकत्र करता येत नाही. प्लेअरच्या दोन बाजू एकमेकींशी भांडायला लागतात आणि त्यात प्लेअर खराब होऊ शकतो. म्हणून प्रत्येक तारेत एक छोटा रेझिस्टर घालायचा. रेझिस्टर म्हणजे वाटेतला अडथळा. तो असला की दोन्ही आवाज सबुरीने एकत्र येतात. व्हॉल्यूम थोडा वाढवावा लागतो, एवढंच. उजव्या कानाकडे जाणारी तार मी वगळणार होते. सर म्हणाले, असू दे, एकच वायर लोंबली तर लोकांना श्रवणयंत्र वाटतं आणि ते मोठ्याने बोलायला लागतात. मग मी ती फांदी दिखाव्यापुरती ठेवली.

ती केबल लावून सरांनी ऐकलं आणि उषाताई गेल्या. अगदीच गेल्या असं नाही. भिंतीपलीकडे कुणी गावं तसा पातळ आवाज उरला. पेटी मात्र ठणठणीत.

सरांना घरी पाठवलं आणि प्लेअर ठेवून घेतला. दुपारी बाल्कनीत बसून माझ्या साध्या, दोन कानांच्या केबलवर ते रेकॉर्डिंग ऐकलं. आमच्या मागून कालवा जातो. खडकवासल्याचं पाणी सोडलेलं होतं, ते आवाज न करता चाललं होतं. उषाताई गायला लागल्या आणि मी मान वळवून मागे बघितलं. आवाज समोरून येत नव्हता. मागून येत होता, बाजूने येत होता, कुठूनच येत नव्हता. परक्या घरी दुपारी डोळा लागावा, अर्धवट जाग यावी, कुणीतरी गातंय एवढं कळावं, पण कोणत्या खोलीत ते कळू नये, तसं काहीतरी. गाणं संपलं तेव्हा चहावर साय धरली होती. मी कामासाठी ऐकायला बसले आहे हे मी विसरले होते.

मग माझ्यातली टेस्टिंगवाली जागी झाली. आवाजाला जागा नसणं ही खूण असते. एक माइक उलटा जोडला गेला होता. डावीकडची लाट वर जाते तेव्हा उजवीकडची तीच लाट खाली जाते. दोन कानांनी ऐकलं तर आवाज हवेत तरंगतो. पण दोन्ही एकत्र केल्या की त्या एकमेकींना पुसून टाकतात. दोन्ही माइकमध्ये सारखा असलेला आवाज उषाताईंचा, म्हणून नेमका तोच पुसला जात होता.

सरांना फोन करून सांगितलं.  ते म्हणाले, उजव्या माइकच्या केबलची पिन त्यांनी स्वतःच डाग देऊन जोडली होती, आणि सगळ्या बैठकांना तीच केबल असायची. उषाताईंचा आवाज सगळ्या खोलीभर पसरतो असं ही रेकॉर्डिंग्ज दोन्ही कानांनी ऐकताना त्यांना वर्षानुवर्षं वाटत आलं होतं. तो त्यांच्या गळ्याचा गुण आहे, असं ते लोकांना सांगतही असत.

"तो गुण होताच," मी म्हटलं. "केबलने त्यात भर घातली."

उपाय सोपा होता. उजवी बाजू पुन्हा उलटी करायची, म्हणजे सुलट होते. साध्या जोडणीत दोन्ही बाजूंची परतीची तार एकच असते, त्यामुळे एकीला उलटं करता येत नाही. पण सरांच्या प्लेअरला दुसरं, जाड पिनेचं भोकही होतं. त्यात दोन्ही बाजूंच्या जायच्या-यायच्या तारा वेगळ्या असतात. मी नवीन केबल बांधली, उजवीकडच्या दोन तारांची अदलाबदल केली, रेझिस्टर घातले. जोडावर काळी प्लास्टिकची नळी, म्हणजे स्लीव्ह, चढवून ती गरम हवेने आवळली. काम झालं.

सर आणि मुक्ता आले. सरांनी इअरफोन लावला, डोळे मिटले. मुक्ता माझ्याकडे बघत होती आणि मी कालव्याकडे. थोड्या वेळाने सरांची बोटं टेबलाच्या कडेवर हलायला लागली. ती जागा आली असणार, कारण बोटं थांबली, आणि मग एकदम पुढे झाली. त्यांचा चेहरा सैल झाला, झोपेतल्या माणसाचा होतो तसा. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"फार वाजवतोय हो मी," ते म्हणाले. "तिचा सूर संपायच्या आत शिरतोय."

"आईने कधी सांगितलं नाही तुम्हाला?" मुक्ताने विचारलं.

"सांगायची. मला वाटायचं, चेष्टा करते."

ते गाणं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग मला विचारलं, पेटी जरा मागे घेता येईल का. येते. उजवीकडचा अडथळा वाढवला की झालं. मी आवळलेली स्लीव्ह कापली आणि मोठे रेझिस्टर घातले. सरांनी ऐकलं आणि मान हलवली, अजून थोडं. पुन्हा बदलले. अजून थोडं. गणिताच्या मास्तरांना साधारण चालत नाही. चहा झाला, मुक्ताच्या ऑफिसचे दोन कॉल झाले. शेवटी त्यांनी हात वर करून मला थांबवलं. इअरफोनची डावी बाजू माझ्या कानाशी धरली. उषाताईंचा सूर शेवटपर्यंत ऐकू आला, पार विरेपर्यंत. त्याच्या मागून, घाई नसल्यासारखी, पेटी.

मी नवी स्लीव्ह चढवून आवळली. 

जाताना बजावलं, या केबलवर बाकी कुठलीही गाणी ऐकू नका, गायक गायब होईल. त्यासाठी पहिली केबल आहेच. आता ते दोन्ही जवळ बाळगतात. संध्याकाळी टेकडीवर फिरताना कोणती लावतात, हे मुक्ताला त्यांच्या चालण्यावरून कळतं म्हणे. एकीवर ते भराभर चालतात. दुसरीवर मध्येच थांबतात, थोडा वेळ उभे राहतात आणि मग पुढे जातात.

मी एवढंच शिकले: गिऱ्हाइकाने ऐकून हो म्हणेपर्यंत स्लीव्ह आवळायची नाही. कापताना फार त्रास होतो.