पोपटरावांनी उरकलेला ताप

खुटबावच्या पोपटराव कोकऱ्यांचा आवाज म्हणजे आवाज! दौंड तालुक्यात कुठंही लग्न निघालं की माईक त्यांच्याच हातात. "वरवंडचे आबासाहेब, पुढं यावं, मानाचा फेटा स्वीकारावा!" असं त्यांनी पुकारलं की आबासाहेब ताठ व्हायचे. नुसता शौक हो, दुसरं काही नाही. आता तर खुद्द धनश्रीचं, त्यांच्या एकुलत्या लेकीचं लग्न ठरलं होतं. त्या दिवशी माईक दुसऱ्याला द्यायचा? छे, नाव काढू नका!

धास्ती फक्त घशाची. दर लगीनसराईत त्यांना एकदा तरी फ्लू गाठायचा आणि आवाज बसायचा. म्हणून गड्यानं डोकं लढवलं. लहानपणी गोवर आला तो परत फिरकला नाही; मग फ्लूही आधीच उरकून घ्यावा! वरवंडचे ज्ञानदेव तापानं फणफणलेत असं कळताच हे महाशय त्यांच्या उशाशी जाऊन बसले, वर त्यांचाच उष्टा चहा प्याले. बायकोनं, बानूबाईंनी, कपाळाला हात लावला. पोपटराव तापानं चार दिवस कण्हले आणि हसतच उठले. "झालं! यंदाचं मोकळं!"

मग काय विचारता! दौंडला लग्नाचा बस्ता बांधायला गेले, तिथं वडगाव रासाईहून आलेले नवरदेवाचे मामा शालू बघता बघता सटासट शिंकत होते. बाकीची मंडळी लांब सरकली. पोपटराव उलट मांडीला मांडी लावून बसले. "शिंका मामा, बिनघोर शिंका. आपलं उरकलंय!"

हळदीलाच अंग कसकसलं. लग्नाच्या सकाळी माईक घेऊन "हॅलो" म्हणायला गेले, तर घशातून नुसती शिट्टी निघाली.

"आसं कसं झालं गं?" ते डोळ्यांत पाणी आणून कसंबसं कुजबुजले.

धनश्री शिरूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकलेली. ती आधी पोट धरून हसली. "आप्पा, सरपंच एकदा फेट्याऐवजी टोपी घालून आले, तवा तुम्ही त्यांना वळखलं न्हाई ना? अंगाचं तसंच हाय. गोवराचा विषाणू जन्मभर एकाच फेट्यात, अंग त्याला इसरत न्हाई. फ्लूचा सोताची नक्कल काढताना सारखा चुकतो, आन् चुकता चुकता त्याचं वरचं रूप बदलतं. ज्ञानदेवकाकांचा ताप तुमच्या अंगानं वळखून ठिवला, पण मामांचा निराळ्या टोपीत आला! म्हणून तर फ्लूची लस दरसाल बदलतात. कवा कवा तो इतका बदलतो, की कुणाचंच अंग वळखत न्हाई, मग जगभर साथ पसरती. आता तोंडाला उपरणं बांधा, न्हाईतर आख्खं वऱ्हाड आडवं कराल."

अक्षता पडल्या. मानाचे फेटे ताटात तसेच, पुकारायला कुणी नाही. पोपटराव उपरण्याआड खांबाला टेकून उभे, जीव नुसता चुटपुटत होता.

एवढ्यात मुंडावळ्या सावरत नवरीनंच माईक ओढला की! "मंडळी, पयला मान! आख्ख्या तालुक्याला नावानं पुकारणारे, पर ज्यांचं नाव आजवर कुणीच पुकारलं न्हाई, ते खुटबावचे पोपटराव कोकरे! पुढं यावं, फेटा स्वीकारावा!"

मांडवात टाळ्या, शिट्ट्या, नुसता कल्ला! आणि पोपटराव सवयीनं पाहुण्यांकडं बघत राहिले, कोण उठतंय म्हणून.

"अवो, तुमालाच बोलावत्यात!" बानूबाईंनी ढकललं.

फेटा बांधून घेताना ते ढसाढसा रडले, पण आवाज काही फुटला नाही.