प्रोटॉनच्या प्रश्नाला दोन्ही हात वर

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मेहकरच्या मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होते, पण अजून कायम झाले नव्हते. तपासणीचे साहेब येणार, माझा तास बघणार, शेरा चांगला पडला तरच कायम. घरची चूल माझ्या एकटीच्या पगारावर पेटायची.

तपासणीआधी मुख्याध्यापकांची तालीम ठरलेली. प्रश्न आला की सगळ्या मुलींनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. बाईंनी उजवा बघून उठवायचं. या लबाडीची मला चीड होती, पण पोटासाठी मी गप्प बसले.

एका बाबतीत मात्र नाही बसले. पुस्तकात छापलं होतं, प्रोटॉन हा मूलकण, त्याच्या आत काही नाही. बुलढाण्याच्या वाचनालयातल्या एका मासिकात मी वाचलं होतं की आत क्वार्क नावाचे आणखी बारीक असे तीन कण असतात. मी मुलींना दोन्ही सांगून टाकलं.

साहेबांनी नेमकं तेच विचारलं, "प्रोटॉनच्या आत काय असतं?"

अख्ख्या वर्गाने दोन्ही हात वर केले.

"ही काय थट्टा चालवली आहे?" साहेब कडाडले.

पहिल्या बाकावरची पोर उठली. "थट्टा नाही, साहेब. पुस्तकातलं उत्तर मले येते, म्हून उजवा. पन ते खरं नाही, म्हून डावाबी."

मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. साहेब माझ्याकडे वळले, "बाई, खरं काय?"

‘माझ्याकडून चुकून शिकवलं गेलं’ एवढं म्हटलं असतं तर सुटले असते. पण त्या पोरीला खोटं पाडायचं? मी खडू उचलला.

"यातले क्वार्क दोन जातींचे, अप आणि डाऊन. अपचा विद्युतभार दोन तृतीयांश, डाऊनचा उणे एक तृतीयांश. दोन अप, एक डाऊन, बेरीज एक: प्रोटॉन. एक अप, दोन डाऊन, बेरीज शून्य: न्यूट्रॉन."

"एकटा क्वार्क पाहिलाय कुणी?"

"नाही. ओढून काढायला गेलं तर लावलेल्या जोरातूनच क्वार्क-प्रतिक्वार्कची नवी जोडी जन्मते आणि सुटणाऱ्याला लगेच सोबत मिळते. पण प्रोटॉनवर वेगाने इलेक्ट्रॉन मारले, तेव्हा काही असे मागे उसळले, जणू आत टणक दाणे असावेत."

"म्हणजे पुस्तक लिहिणारे मूर्ख?"

"मूर्ख नाहीत, साहेब. मागे राहिलेत."

शेरा काय पडला असेल ते सांगायला नको. दुपारी मुख्याध्यापकांनी कोरा कागद पुढे सरकवला. "बाई, काऊन पायावर धोंडा पाडून घेऊन राह्यल्या? चुकीचं शिकवलं, एवढी एक ओळ लिहा. साहेब शेरा बदलतो म्हनतात."

मी एकच ओळ लिहिली: प्रोटॉन तीन क्वार्कांचा बनलेला असतो. खाली सही केली.

उन्हाळ्याच्या सुटीनंतर मला शाळेतून बोलावणं आलं नाही. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला काही वाटलं नाही. कित्येक महिने आमची चूल दिवसातून एकदाच पेटायची आणि आई माझ्याशी बोलत नव्हती. तरी तो कागद आज कुणी पुन्हा पुढे सरकवावाच. या वेळी मी न्यूट्रॉनचंही लिहीन.