शलाका मॅडमची पिवळी नळी

किस्से जंतूंसारखेच, झाकण लावून ठेवले की जास्त वाढतात. कल्याणच्या आमच्या कॉलेजात, मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये मी असिस्टंट आहे. माझा नवरा मंदार तिथेच पहिल्या वर्षाला शिकवतो. शलाका मॅडमही शिकवतात. त्या मंदारच्या एमएस्सीच्या वर्गातल्या. आमच्या लग्नाला आठ महिने झाले, पण लॅबमधले गाजलेले किस्से सगळे माझ्या आधीचे. म्हणून हे नंतरचे.

*

पहिलं प्रॅक्टिकल बोटांचं. आगर म्हणजे जंतूंचं जेवण, प्लेटमध्ये जेलीसारखं गोठवलेलं. त्यावर आधी न धुतलेलं बोट टेकवायचं, मग धुतलेलं. आंबिवलीच्या एका मुलाचे धुतलेल्या बोटाखालीच जास्त ठिपके उगवले.

"सर, कॉलेजचा साबण बोगस आहे."

"साबण नाही रे," शलाका मॅडम म्हणाल्या, "हात धुऊन जीन्सला पुसलेस. मी बघितलेलं."

"तू असलीस की मला शिकवायला काय उरतं?" मंदार म्हणाला.

मी शेजारी चाळीस प्लेट्स धूत होते. त्या दिवशी वर्गात सगळ्यात स्वच्छ बोटं माझी होती. असो.

*

ग्रॅम स्टेन म्हणजे जंतू रंगवून ओळखायचे. जांभळा रंग धरून ठेवतात ते पॉझिटिव्ह. सोडतात ते गुलाबी, म्हणजे निगेटिव्ह. मध्ये अल्कोहोलने धुवायचं, अगदी काही सेकंद.

"अल्कोहोल जास्त झालं की धरून ठेवणारेही सोडून देतात," मंदार शिकवत होता.

"स्वतःचा अनुभव का, सर?" मागून शलाका मॅडम.

वर्ग हसला. मंदार गुलाबी झाला. माझ्यासमोर तो कधी झालेला नाही. मी मनात नोंद केली: निगेटिव्ह.

*

प्लेटचं नाव झाकणावर लिहायचं नसतं, बुडाला लिहायचं. झाकणं बदलतात. हे मुलांना सांगून सांगून माझा घसा बसतो.

एका संध्याकाळी मंदार घरी येऊन म्हणाला, "आजची वांग्याची भाजी काय झालेली गं!"

मी भेंडी दिली होती. तेव्हापासून त्याच्या डब्याच्या बुडाला मार्करने नाव असतं. माझं.

*

गेल्या महिन्यात शलाका मॅडम दहा दिवस आईकडे गेलेल्या. त्यांचा मेसेज आला: "अगं, फ्रिजमध्ये 'एम' लिहिलेली पिवळी नळी आहे. आज त्यातल्या जंतूला नव्या आगरवर घे, नाहीतर मरेल."

लॅबमधल्या जुन्या शिपाईमावशींनी सांगितलं, तो जंतू मंदारचा. एमएस्सीला त्याने उघडी प्लेट ठेवून हवेतून पकडलेला. बाकीच्यांनी आपापले फेकले. हा मात्र मॅडमनी दर महिन्याला नव्या नळीत घालून सहा वर्षं जगवलाय.

मंदारला विचारलं. म्हणाला, "कुठली नळी?"

तारेची लूप ज्योतीत लाल करायची, थंड होऊ द्यायची, मगच जंतूंना लावायची. गरम लावली तर ते जळतात. हेही मी मुलांना रोज सांगते. त्या दिवशी थांबले नाही. चर्र झालं. त्याच लूपने नव्या नळीतल्या आगरवर रेघ ओढली आणि जुनी नळी ऑटोक्लेव्हमध्ये टाकली, तिथल्या वाफेत काहीच जगत नाही.

तीन दिवसांनी बघते तर नवी नळी पिवळीधम्मक. फोटो पाठवणं भाग होतं.

मॅडमचं उत्तर लगेच आलं: "छान उगवलाय. टोकाला आगर भाजलेलं दिसतंय, राहू दे. तुमच्या लग्नाच्या आठवड्यात मीही लूप थंड होऊ दिली नव्हती."