नाल्यातला सातवा डबा

डेकाटे काका गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्ध्याच्या एसटी स्टँडामागं पत्रकं चिकटवत होते. हाताला खळ तशीच होती... आणि मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की या रविवारी डबे कोण बघणार?

काका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आर्वी रस्त्याकडचं झुडपी जंगल निकामी ठरवून तोडायचं घाटत होतं. "निकामी हाये का नाई, मोजून पाहू," म्हणत त्यांनी तेलाचे सात रिकामे डबे तिथं उपडे रोवले. वरच्या भोकात रबरी बूच. अर्धा तास थांबायचं, काचेच्या सिरिंजनं आतली हवा ओढायची, बाटलीत भरून एसटीनं नागपूरला धाडायची. तिथं कॉलेजचाच एक जुना विद्यार्थी त्यातला मिथेन मोजून द्यायचा. मिथेन म्हणजे गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच. मोकळा सुटला की हवा तापवतो. आकडे आले आणि मी उडालेच. बाहेरच्या हवेपेक्षा डब्यांत मिथेन कमी भरत होता; कोरड्या मातीतले सूक्ष्मजीव तो खात होते. ज्याला निकामी म्हणत होते ते जंगल गपचूप कामावर होतं!

जंगल वाचवायला उभ्या राहिलेल्या आमच्या संघटनेसाठी मी लगेच पत्रक लिहिलं, सहा डब्यांचे आकडे देऊन. सातवा नाल्याकाठच्या चिखलात होता आणि पावसाळाभर उलट मिथेन सोडायचा. तो मी गाळला. पत्रक वाटून झाल्यावर काकांच्या हाती पडलं.

"काऊन वं, नाल्याचा डबा कुठं गेला?"

"काका, तो आपल्याच विरोधात जाते नं."

"मंग? जंगल काय तुह्या संघटनेचं मेंबर हाये? त्यायले पायजे तसं दिसते, तुलेबी पायजे तसंच दिसून राह्यलं. फरक काय राह्यला?"

जंगलतोडीवरच्या सुनावणीत सरकारी साहेबांनी तेच पत्रक उचललं. त्यावरच्या फोटोत डबे सात होते. "सातव्याचा आकडा कुठे आहे?" सभागृह हसलं. माझ्या हातानं जंगल गेलं असं वाटलं. तेवढ्यात काका वही घेऊन उठले.

"सातवा गॅस सोडते, साहेब. माती ओली असली का तसंच होते. सहा खातात, एक सोडते, सगळं लिवलं हाये. आता तुमी निकामी कायनं मोजलं? तुमची वही काढा."

साहेबांकडे वही नव्हती. निर्णय पुढं ढकलला गेला... जंगल तसंच उभं राहिलं, आणि काका पुढंही दर रविवारी डबे मोजत राहिले.

आता काका नाहीत, आणि 'निकामी' हा शब्द पुन्हा कागदांवर येऊ लागला आहे. तेरवीनंतर काकूंनी सिरिंज आणि वही माझ्या हाती दिली. आमच्यातलेच काही म्हणतात, निदान नाल्यातला डबा तरी उपटून टाक. मी दर रविवारी सुरुवात त्याच डब्यापासून करते. येईल तो आकडा काकांच्या आकड्याखाली लिहिते. ज्यांना हे जंगल निकामी वाटतं त्यांनी आपली वही घेऊन यावं. चिखल गुडघाभर आहे. बूट काढून यावं लागेल.