सातपुड्याकडे तोंड करून

वर्गात आल्यावर ते प्रथम भिंतीवरचा जगाचा नकाशा खिळ्यावरून काढत आणि फरशीवर अंथरत. मग तो हळूहळू फिरवून त्याची वरची कड उत्तरेच्या खिडकीकडे आणत. चारही कोपऱ्यांवर डस्टर, खडूची पेटी असे काहीबाही वजन ठेवून झाले, की मुलांना म्हणत, "आधी सातपुड्याकडे तोंड करा."

वर्ग उठून खिडकीकडे वळे. आमचे गाव फैजपूरपासून फार दूर नाही. केळीच्या बागांच्या पलीकडे सातपुड्याची रांग उत्तर दिशा अडवून उभी असते, त्यामुळे दिशा चुकण्याची सोय नाही. उजव्या हाताला रावेर, डाव्या हाताला चोपडा, पाठीमागे तापी. एवढे पक्के झाल्यावरच नकाशावर बोट ठेवायचे, असा त्यांचा नियम होता.

"नकाशा भिंतीला टांगला, की उत्तर छताकडे जाते," ते आम्हा शिक्षकांना सांगत. "मग मुलं जन्मभर उत्तर आढ्यात शोधतात."

आपणही आपापल्या शाळेत असा एखादा शिक्षक पाहिला असेल. विषय इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र, अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात दोन पेने आणि एक लहानसे होकायंत्र. मुले त्यांना सर म्हणत. आम्ही सहकारी नाना म्हणत असू. मी त्याच शाळेत मराठी शिकवते, आणि आमचे वर्ग एका भिंतीने लागून होते. त्यामुळे त्यांचे बहुतेक धडे मी ऐकलेले आहेत.

नाना मूळचे पश्चिमेला नरडाण्याकडचे. धडा ते नेटक्या प्रमाण मराठीत शिकवत. पण एखाद्या मुलाने अचूक उत्तर दिले, की गावची अहिराणी आपोआप जिभेवर येई. "बठ्ठं बरोबर शे." म्हणजे, सगळे बरोबर आहे. आमच्या पूर्वेकडच्या मुलांची घरची बोली निराळी. पहिल्या वर्षी मुले या 'शे'ला तोंडावर हात धरून हसली. दिवाळीपर्यंत गोट्यांचा डाव जिंकणाराही तेच म्हणू लागला होता.

त्यांची खरी शाळा मात्र मैदानावर भरे. खेळाचे मैदान आखायची जी पांढरी फक्की असते, तिने ते मैदानभर जगाचा नकाशा काढत. दोरी आणि खुंट्या घेऊन आधी मापे टाकत, मग फक्कीचे घमेले कमरेवर धरून उलट्या पावलांनी चालत किनारे सोडत जात. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालताना ते किंचित थांबत आणि म्हणत, "इथे वारा फार असतो." मुले खरेच शर्टाची बटणे लावून घेत.

या नकाशात मुलांनी अनवाणी उभे राहायचे असे. क्रम ठरलेला होता. पाचवीची मुले भारतात, सहावीची उरलेल्या आशियात, सातवीची जगभर. "आधी घर, मग शेजार, मग जग," असे ते सांगत. ते स्वतः भारतात, खानदेशाच्या जागी उभे राहत आणि तिथूनच सूचना देत.

एकदा त्यांनी कापसाचा प्रवास शिकवला. भारतातल्या मुलीच्या हाती कापसाचे बोंड दिले. अमेरिकेतल्या मुलांना हाताची घडी घालून बसवले, कारण त्यांच्याकडे यादवी युद्ध चालू होते आणि त्यांचा कापूस बाहेर पडत नव्हता. मग इंग्लंडमधल्या मुलाने हात पुढे केला, आणि ते बोंड अरबी समुद्रातून हातोहात तिकडे गेले. परत येताना त्याचा रुमाल झाला होता. "किंमत कोणी ठरवली?" नानांनी विचारले. बोंड देणारी मुलगी जरा विचार करून म्हणाली, "सर, मला कोणी विचारलंच नाही."

"बठ्ठं बरोबर शे," नाना म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पुढे काही शिकवले नाही.

केळीच्या धड्याला मात्र बंड झाले. केळीचे मूळ आग्नेय आशियातले, हे कळताच एक बागायतदाराचा मुलगा संतापून म्हणाला, "केळी आमचीच आहे, सर."

"आहेच. पण तुझ्या पणजोबांच्याही आधी कुठून तरी चालत आली ना? पाहुणी आली आणि सून झाली."

गावात या मैदानी भूगोलाचे कौतुक होते. हे कौतुक एका हिवाळ्यात अडखळले. त्या वर्षीचा नकाशा अजून आखायचा होता, तोच कोणीतरी मोबाइलवर काढलेले आदल्या वर्षीच्या नकाशाचे छायाचित्र गावाच्या ग्रुपवर फिरवले. दुसऱ्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीतले एक वडीलधारे बागायतदार शाळेत आले. गाव त्यांना आबा म्हणते. माणूस सरळ; शाळेच्या टाकीला पाणी त्यांच्याच विहिरीवरून येई.

"नाना, तुम्ही चुकीचं शिकवता असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण देशाला पाय लागतो. पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. इथं तर पोरं देशावर उभी."

"आबा, आपण सगळे देशावरच उभे आहोत. उडून कुठे जाणार?"

"ते वेगळं, हे वेगळं. ही माती, तो नकाशा."

"बरं. ब्राझीलवर पाय ठेवला तर चालेल?"

"ब्राझीलचं ब्राझीलवाले बघतील."

नाना हसले, आबाही हसले. पण आबांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते, हे नानांना आमच्याआधी कळले. पायाचा दोष हा या मुलांच्या हाडीमाशी रुजलेला संस्कार होता. चार दिवसांनी केंद्रप्रमुख आले आणि त्यांनी अधिकाऱ्यांच्या सावध भाषेत सुचवले, की नकाशा बंद केलेला बरा.

"मी बंद करणार नाही आणि चालूही ठेवणार नाही," नाना म्हणाले. "बालसभा ठरवेल."

केंद्रप्रमुखांना हायसे वाटले असावे. जबाबदारी मुलांवर गेली, की कागद सोपा होतो.

बालसभा म्हणजे पाचवी ते सातवीच्या मुलांची सभा. नागरिकशास्त्र पुस्तकातून शिकवून येत नाही, या मताने नानांनी ती सुरू केली होती. तिचे नियम मुलांनीच केले होते. ठराव मुलांनीच मांडायचा, मत गुप्त द्यायचे, आणि शिक्षकाने त्यात बोलायचे नाही. त्या दिवशी आबांना त्यांचे म्हणणे मांडायला बोलावले होते. त्यांनी ते थोडक्यात आणि चांगले मांडले. एका मुलीने नकाशाच्या बाजूने बोलण्याचा प्रयत्न केला, पण मध्येच तिचे धैर्य गेले. मग खिचडीच्या रिकाम्या पातेल्यात चिठ्ठ्या पडल्या. नाना वऱ्हांड्याच्या खांबाला टेकून उभे होते. मुले चिठ्ठी टाकताना त्यांच्याकडे पाहत आणि ते सातपुड्याकडे पाहत.

ठराव मंजूर झाला. भारताच्या नकाशात कोणीही पाय ठेवू नये.

मधल्या सुट्टीत मी म्हणाले, "नाना, तुम्ही एक वाक्य बोलला असतात, तर मुलं तुमच्या बाजूनं गेली असती."

"मग ते मत पोऱ्हेसनं कसं? ते मन्हंच शे." मग स्वतःला सावरून ते प्रमाण भाषेवर आले. "ते माझं मत झालं असतं, मुलांचं नाही. मॅडम, माझ्या आजोबांना शाळेच्या आत जागा नव्हती. पायरीवर बसून जे ऐकू येईल तेवढं ते शिकले. बाबासाहेबांच्या मागे आमचं घर बुद्धाकडे गेलं, आणि मी आत बसून शिकलो. म्हणून मला वाटायचं, आपल्या शाळेतलं प्रत्येक पोर एकदा तरी देशाच्या आत उभं राहावं. आपल्या पायांनी."

"हे तरी मुलांना सांगायचं."

"सांगितलं असतं, तर मुलांनी माझ्या आजोबांना मत दिलं असतं. प्रश्न नकाशाचा होता."

त्यानंतर हा विषय त्यांनी काढला नाही. नकाशा मात्र नेहमीप्रमाणे आखला जाऊ लागला, आणि ठरावाचे पालन त्यांच्याइतके काटेकोर कोणी केले नाही. किनारा आखताना त्यांचे पाऊल रेषेच्या आत कधी पडले नाही. एकदा वाऱ्याने एका मुलाची टोपी मध्य प्रदेशात नेऊन टाकली, तर ती त्यांनी झेंड्याच्या बांबूने ओढून काढली. मुले हसली. नाना हसले नाहीत. टोपी झटकून त्याच्या डोक्यावर ठेवली.

पाचवीला जागा उरली नव्हती. नानांनी त्यांना नेपाळ आणि श्रीलंका देऊ केले.

"आम्ही भारतातलेच, सर," पाचवीची मुले म्हणाली. "आम्ही नाही जाणार दुसरीकडे."

मग ती वऱ्हांड्याच्या पायरीवर ओळीने उभी राहिली आणि तिथून नकाशा पाहू लागली. नाना आता गुजरातच्या किनाऱ्याबाहेर, समुद्रात उभे राहून शिकवत. पायरीकडे त्यांची पाठ येई. ती तशी येईल अशीच जागा त्यांनी निवडली होती, असे मला वाटते.

कापसाचा धडा त्या वर्षीही आला. सातवीतल्या इंग्लंडने हात पुढे केला. भारतात बोंड द्यायला कोणी नव्हते. मधला पांढऱ्या रेघेचा मोठा त्रिकोण उन्हात रिकामा पडला होता. नानांनी बोंड हातात धरून त्या रिकाम्या जागेकडे पाहिले, मग ते खिशात ठेवले आणि म्हणाले, "हा धडा पुन्हा केव्हातरी."

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी होकायंत्र माझ्या हाती दिले, मैदानावरचा नकाशा माझ्यावर सोपवला आणि एक बजावणी केली. "ठराव बदलता येतो, हे मुलांना शिकवलेलं आहे. तो मुलांनी मांडायचा. तुम्ही सुचवू नका. नजरेनंसुद्धा नाही."

"आणि त्यांनी मांडलाच नाही तर?"

"तर तेही मतच आहे, मॅडम."

ते नरडाण्याकडे गावी गेले. तिथे त्यांची प्रकृती ढासळत गेली. मी अधूनमधून फोन करी. ते शाळेतल्या निंबाची, टाकीच्या गळतीची, आबांच्या गुडघ्यांची चौकशी करत आणि शेवटी, जणू आत्ताच आठवले, अशा स्वरात विचारत, "भारत अजून रिकामाच शे का?"

"हो, नाना."

"ऱ्हाऊ द्या. घाई नका करू."

दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या मुलीचा फोन आला. नाना गेले होते. आम्ही शिक्षक नरडाण्याला जाऊन आलो. आबा गुडघ्यांचे दुखणे घेऊन आमच्याबरोबर आले.

शाळा उघडल्यावर पहिल्याच बालसभेत सातवीतली मुक्ता उठली. ठराव झाला त्या वर्षी ती पाचवीत होती. पायरीवरून सरळ आशियात आणि तिथून आता दक्षिण अमेरिकेत गेलेली मुलगी. तिची आई केळीच्या बागांत मजुरीला जाते.

"आमचा वर्ग भारतात उभाच राहिला नाही," मुक्ता म्हणाली. "मी म्यानमार झाले, या वर्षी चिली झाले. भारत झालेच नाही. पाय लागतो म्हणून आपण नको म्हटलं होतं, ते बरोबर होतं. पण माझी आई रोज बागेत शिरताना आधी वाकते, मातीला हात लावते, कपाळाला लावते, आणि मग पाय ठेवते. रोज. पाय ठेवल्याशिवाय काम कसं होणार? तसं करून आत जायचं, असा माझा ठराव आहे."

एका मुलाने विचारले, "विसरून कोणी तसाच गेला तर?"

"तर तो बाहेर येईल आणि परत जाईल."

पातेले फिरले. मी खिडकीबाहेर पाहत राहिले; नजरेने काही सुचवायचे नाही, हे मला सांगितलेले होते. ठराव मंजूर झाला.

नकाशा मुलांनी आणि मी मिळून आखला. दोरीची मापे याही वेळी माझ्या हातून नीट पडली नाहीत. आफ्रिका बारीक झाली आणि ऑस्ट्रेलिया निंबाच्या मुळात अडकला. नानांनी तो पुसून पुन्हा काढायला लावला असता. सातवी जगभर पांगली, सहावी आशियात गेली. मुक्ता चिलीला उभी होती. पाचवी पायरीवरून उतरली, रेषेपाशी आली, एकेकाने वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला नेला आणि आत पाऊल टाकले. कपाळांवर फक्की लागली होती.

आबा टाकी पाहण्याच्या निमित्ताने आले होते आणि मैदानाच्या कडेला काठीवर भार देऊन उभे होते.

भारत भरला. आणि मग सगळे जग तसेच उभे राहिले. मुले वाट पाहत होती, हे माझ्या उशिरा ध्यानात आले. ज्या वाक्याने धडा सुरू होतो, ते अजून कोणी उच्चारले नव्हते. मी होकायंत्र मुठीत धरले होते. मूठ उघडून मी काटा स्थिरावण्याची वाट पाहू लागले.

मागून आबांनी पायातल्या चपला काढल्या. गुडघा वाकेना, म्हणून काठीचे टोक मातीला लावून त्यांनी तेच कपाळाला नेले, आणि रेषा ओलांडून पाचवीच्या मुलांत, खानदेशाच्या जागी येऊन उभे राहिले.

"आधी सातपुड्याकडे तोंड करा," ते हलक्या आवाजात म्हणाले.

सगळी मुले वळली. मीही वळले.